टायर रुंद, फ्रेम अरुंद

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर आता घोडा सायकली बोटावर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. त्यांच्या जागी जाडजूड टायरच्या, डिस्क ब्रेकच्या एमटीबी येऊन उभ्या राहिल्यात. सायकल बदलली तसे मेसमधले प्रश्नही बदलले. हल्ली दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "अरे, माझ्या सायकलला दोन पॉइंट चारचा टायर बसेल का?" आणि शेजारून कोणीतरी पोळी मोडता मोडता उत्तर देतो, "बसेल रे, आत्ता दोन पॉइंट एक आहे ना, थोडंच तर जास्त आहे!"

हे "थोडंच जास्त" प्रकरण वाटतं तितकं साधं नाही. त्यात पैसे जातात, फ्रेम जाते आणि कधीकधी हाड मोडतं. म्हणून हा लेख. यात लागणारी विद्या फर्स्ट इयरच्या पुढची नाही. एक वर्तुळ, एक जीवा आणि एक व्हर्नियर कॅलिपर, बस्स. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: टायरवर छापलेली रुंदी ही टायरची खरी रुंदी नसते. खरी रुंदी टायर आणि रिम दोघं मिळून ठरवतात.

बैलगाडीच्या चाकावर जो लोखंडी पट्टा बसवतात त्याला 'धाव' म्हणतात. (कॉन्व्हेंटच्या कृपेने हा शब्द मला थेट सेकंड इयरला, श्रिंक फिट शिकताना आजोबांकडून कळला.) धाव तापवून चढवतात, ती थंड झाली की आवळून बसते. तिची रुंदी मात्र तुम्ही कुठेही मोजा, तेवढीच. रबरी टायरचं तसं नाही. टायर म्हणजे हवा भरलेली पिशवी. पिशवीचं तोंड किती उघडं धरलंय, त्यावर तिचं पोट किती सुटणार ते ठरतं. आणि हे तोंड धरणारी असते रिम.

आकड्यांची भानगड

रुंदीकडे जाण्याआधी व्यासाचा घोळ मिटवू, कारण पहिली फसगत तिथेच होते.

टायरवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक इंचांचा, उदाहरणार्थ २९ × २.२५. दुसरा मिलिमीटरचा, ५७-६२२. दुकानात सगळे इंचांत बोलतात, पण भरवसा ठेवावा तो दुसऱ्या आकड्यावर. त्यातला ५७ म्हणजे टायरची नाममात्र रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. हा व्यास एका मिलिमीटरनेही इकडेतिकडे चालत नाही, कारण टायरच्या कडेत न ताणणारी तार किंवा दोरा असतो.

एमटीबीत तीन व्यास चालतात. ५५९ म्हणजे जुनं '२६', ५८४ म्हणजे '२७.५' आणि ६२२ म्हणजे '२९'. ६२२ हाच व्यास रेसिंग सायकलच्या ७००-सी चाकाचाही असतो. आपली काळी घोडा सायकल, २८ × १½ वाली, तिचा व्यास ६३५. म्हणजे '२८' चं चाक '२९' पेक्षा मोठं! इंचांवर विश्वास ठेवू नका म्हणतो ते यासाठी.

'२६' ची तर आणखी गंमत. २६ × १.७५ आणि २६ × १¾ हे दोन्ही आकडे मराठीत वाचताना आपण 'पावणेदोन'च म्हणणार. पण पहिल्याचा व्यास ५५९ आणि दुसऱ्याचा ५७१. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. २६ × १⅜ घेतला तर तो ५९० चा. म्हणून दुकानात गेल्यावर "सव्वीसचा द्या" म्हणू नका, "५५९ चा द्या" म्हणा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

हे ५५९ आलं कुठून, याला छोटा इतिहास आहे. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये २६ × २.१२५ चे जाड 'बलून' टायर सायकलवर आणले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमधल्या पोरांनी अशाच जुन्या, भंगारातल्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून धुरळा उडवायला सुरुवात केली. १९७६ पासून तिथे 'रीपॅक' नावाची शर्यत होऊ लागली. नाव असं का? मागच्या चाकातला ब्रेक उतरताना एवढा तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नव्याने भरावं लागायचं. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवायला घेतली, तेव्हा त्याच्यासमोर जाड टायर होता तो हाच. म्हणजे पहिल्या एमटीबीची फ्रेम टायरच्या मापाने बनली. आपण आज उलटं करतो. फ्रेम आधीच घेतलेली असते आणि टायर नंतर तिच्यात कोंबायचा असतो.

रिम रुंदावली की काय होतं?

रिमची रुंदी मोजायची ती आतून, म्हणजे टायरच्या कडा ज्या दोन भिंतींना आतून टेकतात त्या भिंतींमधलं अंतर. बाहेरून मोजाल तर चार-पाच मिलिमीटर जास्त भरेल आणि सगळं गणित चुकेल. १९९० च्या दशकातल्या एमटीबी रिम आतून १७ ते १९ मि.मी. असत. आज २५ आणि ३० सर्रास दिसतात, काही ३५ च्याही असतात.

आता फर्स्ट इयरचं वर्तुळ काढा. टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या कापडाची लांबी ठरलेली असते. आत नायलॉनचे धागे असतात, ते फारसे ताणत नाहीत. हवा भरली की हे कापड वर्तुळाचा कंस होतं आणि रिमची रुंदी ही त्या कंसाची जीवा होते. कंसाची लांबी कायम ठेवून जीवा वाढवली तर वर्तुळ मोठं व्हायलाच हवं.

एक उदाहरण करून बघू. २५ च्या रिमवर बरोबर ५४ मि.मी. भरणारा टायर घ्या. त्रिज्या २७, जीवा २५. यावरून कंसाची लांबी येते सुमारे १४३.७ मि.मी. आता ही लांबी तशीच ठेवून जीवा बदलत जा. मला आलेली उत्तरं अशी:

रिम १९ — टायर ५१.९
रिम २५ — टायर ५४.०
रिम ३० — टायर ५५.८
रिम ३५ — टायर ५७.७

टायर तोच, त्यावर छापलेला आकडा तोच, पण १९ च्या रिमवरून ३५ च्या रिमवर नेला तर जवळजवळ ६ मि.मी.चा फरक! सायकलवाल्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो की रिम १ मि.मी. रुंद झाली की टायर ०.४ मि.मी. रुंद होतो. आपलं उत्तर ०.३६ च्या आसपास येतं. खरा टायर अगदी आदर्श वर्तुळ नसतो, हे धरलं तर नियम आणि गणित छान जुळतात. (ज्यांना पटत नसेल त्यांनी १४४ मि.मी. लांबीची कागदाची पट्टी घ्यावी, दोन टोकं आधी २५ आणि मग ३० मि.मी. अंतरावर धरून गोल करावा आणि बघावं.)

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फारसं कोणी सांगत नाही. २५ वरून ३० च्या रिमवर जाताना रुंदी १.८ मि.मी.ने वाढते, पण उंची फक्त अर्ध्या मिलिमीटरने. म्हणजे रिम रुंद केली तर अडचण येईल ती बाजूला, वर नाही. टायरच मोठा घेतला तर मात्र दोन्हीकडे येते.

रुंद रिम हवी तरी कशाला?

कारण फायदा खरा आहे. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याचा आकार बल्बसारखा होतो, खाली मान बारीक आणि वर डोकं मोठं. हवा कमी ठेवून वळण घेतलं की डोकं एका बाजूला झुकतं आणि सायकल दारू प्यायल्यासारखी डुलते. रुंद रिमवर टायरच्या भिंती जास्त सरळ उभ्या राहतात, आधार मिळतो, त्यामुळे हवा थोडी कमी ठेवता येते आणि दगडमातीवर पकड वाढते.

पण यालाही मर्यादा आहे. अरुंद टायर फार रुंद रिमवर बसवला तर त्याचा माथा चपटा होतो. कडेची रबरी बटणं सरळ जातानाही जमिनीला लागू लागतात, आणि सायकल तिरकी केली की पकड हळूहळू कमी न होता एकदम सुटते. शिवाय टायरची पातळ भिंत बटणांच्या बाहेर येते. सह्याद्रीतला काळा कातळ फुटला की त्याच्या कपच्यांना सुरीसारखी धार असते. ती कपची पहिल्यांदा भिंतीलाच भेटते, आणि भिंत फाटली की पंक्चरवाल्याचा सगळा हातखंडा तिथे संपतो.

ढोबळ मानाने २५ च्या रिमला २.१ ते २.४, ३० च्या रिमला २.३ ते २.६ आणि ३५ च्या रिमला २.५ ते २.८ हे जोड जमतात. काही टायर मुळातच रुंद रिमसाठी बनवतात. मॅक्सिसच्या टायरवर 'डब्ल्यूटी' लिहिलेलं दिसलं तर तो 'वाइड ट्रेल', म्हणजे ३० ते ३५ च्या रिमसाठी आकार दिलेला टायर. असा टायर २१ च्या रिमवर चढवण्यात अर्थ नाही. शेवटचा शब्द अर्थातच टायर आणि रिम कंपन्यांच्या तक्त्याचा. आपला ढोबळ नियम तक्त्याशी भांडला तर तक्ता जिंकतो.

हवेबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे टायर अंगठ्याने दाबून 'टाइट आहे' म्हणायची पद्धत आहे. पण अंगठ्याला जाणवतो तो कापडातला ताण, आणि ताण = दाब × त्रिज्या. घोडा सायकलच्या टायरची त्रिज्या २० मि.मी. आणि दाब ४० पीएसआय धरला तर ताण येतो दर मिलिमीटरला साधारण ५.५ न्यूटन. एमटीबीच्या २७ त्रिज्येच्या टायरमध्ये एवढाच ताण ३० पीएसआयलाच येतो. म्हणजे जाड टायर कमी हवेतही अंगठ्याला तितकाच कडक लागतो, आणि अंगठ्याच्या भरवशावर आपण त्यात गरजेपेक्षा जास्त हवा भरतो. मग रुंद रिमचा सगळा फायदा हवेत जातो, अगदी शब्दशः! चार-पाच जणांत मिळून एक प्रेशर गेज घ्या.

फ्रेममधली जागा

आता मुख्य अडचण. मागचा टायर ज्या दोन आडव्या नळ्यांमधून जातो, त्या पेडलच्या ॲक्सलपासून मागच्या चाकाच्या ॲक्सलपर्यंतच्या नळ्यांना चेनस्टे म्हणतात. सगळ्यात जास्त दाटी तिथेच, पेडलच्या ॲक्सलच्या जरा मागे. का? कारण तेवढ्याशा जागेत तीन भाडेकरू राहतात: टायर, नळी आणि चेनची दातेरी चक्रं. त्यांच्याही बाहेर पेडलचे दांडे फिरतात आणि ते हवे तितके लांब सरकवता येत नाहीत, नाहीतर पाय फाकवून सायकल चालवावी लागेल. मागची बाजू आखूड असली की सायकल चपळ वळते म्हणून डिझायनर चाक पुढे ओढतो, आणि जागा आणखी कमी होते.

कंपन्यांनी यावर काढलेला एक उपाय म्हणजे 'बूस्ट'. मागच्या हबची रुंदी १४२ वरून १४८ मि.मी. केली आणि चेनचं चक्र ३ मि.मी. बाहेर सरकवलं. हे २०१४ च्या सुमारास आलं. तेवढ्या तीन मिलिमीटरसाठी हब, क्रँक, फ्रेम सगळं बदललं! यावरूनच कळावं की इथे एकेक मिलिमीटर किती महाग आहे. आपल्या हॉस्टेलमधल्या बहुतेक सायकलींना मात्र जुनाच १३५ चा हब आहे, म्हणजे दाटी जास्तच.

मग टायर आणि नळी यांच्यात जागा किती हवी? सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे सुरक्षेचं मानक आहे. एमटीबीला त्यात टायर आणि फ्रेम किंवा फोर्क यांच्यामध्ये किमान ६ मि.मी. मोकळी जागा सांगितली आहे. प्रत्येक बाजूला सहा, दोन्ही मिळून नव्हे.

मोजायला सोपा उपाय: ६ मि.मी.ची एल-की घ्या, जी सायकलच्या टूलकिटमध्ये असतेच. तिच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर सहाच असतं. टायर आणि नळीच्या मधून ती न घासता गेली पाहिजे. मेट्रॉलॉजीच्या भाषेत हा झाला 'गो गेज'. चाक हळूहळू फिरवून चारी बाजूंनी बघा, कारण टायर सगळीकडे सारखा नसतो.

"पण फिरतंय ना चाक? मग दोन मिलिमीटर पुरे की!" हा युक्तिवाद मी शंभर वेळा ऐकलाय. स्टँडवर उभ्या सायकलला दोन पुरतातही. चालत्या सायकलला का पुरत नाहीत, ते बघा.

एक, नवा टायर हवा भरून काही दिवस गेले की थोडा फुगतो. एखाद-दीड मिलिमीटर सहज. दोन, चाक कधीच शंभर टक्के सरळ नसतं. एक-दोन मिलिमीटरचा आऊट आपल्या लक्षातही येत नाही. तीन, चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही वाकतात. उभ्या सायकलची रिम दोन बोटांनी बाजूला ढकलून बघा, हलते ती. चार, चिखल. आपल्या काळ्या मातीला पावसाळ्यात जो चिकटपणा येतो तो या मानकाच्या समितीने पाहिला असता तर त्यांनी सहाचे बारा केले असते. त्या चिखलात बारीक खडी असते. ती टायरवर बसून नळीवरून हजारो वेळा घासली जाते. फुकटचा पॉलिश पेपर! ॲल्युमिनियमच्या नळीची भिंत जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते आणि चेनस्टेवर पेडलच्या प्रत्येक दाबाला भार येतो. तिथे पडलेली खाच म्हणजे क्रॅकला दिलेलं आमंत्रण. फटीग आपण सगळेच शिकतो, आणि ओरखडा कुठे नको हेही.

पाचवं कारण मला सांगायला आवडत नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. आमच्याच वर्गातल्या एकाने गेल्या पावसाळ्याच्या आधी शहरातल्या एका दुकानातून मागे २.३५ चा टायर बसवून घेतला. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर जागा उरली होती. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही." दोन महिने खरंच काही झालं नाही. मग एका गडावरून परतताना कच्च्या उतारावर त्याच्या मागच्या चाकाची एक तार तुटली. तार तुटली की चाक त्या जागी एकदम आऊट होतं. एरवी माणूस डुगडुगत घरी येतो, दुसऱ्या दिवशी तार टाकून आऊट काढून घेतो. याचा टायर मात्र नळीत अडकला, चाक जागच्या जागी लॉक झालं आणि सायकल आडवी झाली. कॉलरबोन मोडलं. ड्रॉइंगचं सबमिशन, प्रॅक्टिकल, सगळं राहिलं. सायकल धुतल्यावर चेनस्टेच्या आतल्या बाजूला नखात अडकेल एवढी खाच दिसली, ती अपघाताच्या आधीपासून तयार होत होती. सहा मिलिमीटर हे चैनीसाठी नाहीत. तुटलेल्या तारेला तेवढी जागा लागते.

मोजायचं कुठे?

मागे चार ठिकाणं: चेनस्टेंच्या मध्ये, वरच्या दोन तिरक्या नळ्यांच्या म्हणजे सीटस्टेंच्या मध्ये, त्या नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीखाली, आणि पुढचा गिअर बदलणारा डिरेलर असेल तर त्याच्या पिंजऱ्यापाशी. टायरची रुंदी दोनदा मोजा, कापडाची वेगळी आणि बटणांची वेगळी. जी जास्त, ती खरी.

पुढे फोर्कचे दोन पाय आणि त्यांच्या वरची कमान. सस्पेन्शन फोर्क असेल तर आणखी एक परीक्षा आहे. एअर फोर्क असल्यास त्यातली हवा पूर्ण सोडा, फोर्क खालपर्यंत दाबा आणि टायर वरच्या क्राउनला लागत नाही ना ते बघा. खड्ड्यात आदळताना पुढचा टायर क्राउनला टेकला तर काय होईल, ते लिहून सांगायची गरज नाही. फोर्क कंपनी सगळ्यात मोठा चालणारा टायर सांगते, ते मॅन्युअलमध्ये वाचा.

एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण

माझ्या रूम पार्टनरची सायकल २९ ची, ॲल्युमिनियमची, मागे सस्पेन्शन नसलेली. जुन्या रिम आतून २१ च्या. सुट्टीतल्या इंटर्नशिपचे पैसे आले आणि त्याने ३० च्या रिमची चाकांची जोडी आणि २.४ चे दोन टायर घ्यायचं ठरवलं. ऑर्डर देण्याआधी आम्ही व्हर्नियर काढला.

मागे, टायर जिथे सगळ्यात रुंद असतो त्या जागी चेनस्टेंमधलं अंतर भरलं ६८ मि.मी. दोन्हीकडचे सहा-सहा वजा केले, उरले ५६. म्हणजे हवा भरून, फुगून झाल्यावर टायर ५६ च्या पुढे जाता कामा नये. गणिताची सुरुवात नेहमी इथून करावी, टायरच्या जाहिरातीपासून नाही.

छापलेली रुंदी २५ च्या रिमवरची धरली आणि मिलिमीटरला ०.३६ चा हिशोब लावला, तर मागच्या चाकासाठी पर्याय असे निघाले. २.२५ चा, म्हणजे ५७ चा टायर ३० च्या रिमवर ५८.८ होतो, जागा उरते ४.६. नापास. तोच टायर जुन्या २१ च्या रिमवर ५५.६ होतो, जागा ६.२. पास, पण टायर एक मिलिमीटर फुगला की नापास. २.१ चा, म्हणजे ५४ चा टायर ३० वर ५५.८, जागा ६.१. इथेही तीच रड, वर चपट्या माथ्याचं दुखणं वेगळं. आणि ५४ चा टायर जुन्या २१ वर ५२.६, जागा ७.७. डिस्टिंक्शन! २.४ चा तर प्रश्नच मिटला.

पुढे चित्र उलटं. फोर्कच्या पायांमध्ये ७६ मि.मी. जागा होती, म्हणजे ६४ पर्यंत परवानगी. २.४ चा, ६१ छापलेला टायर ३० च्या रिमवर मोजून ६२ भरला तरी दोन्हीकडे सात-सात उरतात. फोर्क पूर्ण दाबून वर आठ मि.मी. मिळाले.

मग उत्तर आपोआप निघालं. पुढे नवी ३० ची रिम आणि २.४ चा टायर, मागे जुनंच २१ चं चाक आणि २.१ चा टायर. पुढे-मागे वेगळे टायर बघून "हे काय रे, ट्रॅक्टर उलटा का?" असं दोघा-तिघांनी विचारलं. पण हीच मांडणी तर्काला धरून आहे. वळताना आणि उतरताना पकड हवी पुढच्या चाकाला. पुढचं चाक घसरलं की माणूस खालीच, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. अरुंद फ्रेमला रुंद रिमचा फायदा द्यायचा असेल तर तो पुढून द्यावा. शिवाय एक चाक आणि एक टायर वाचला. त्या पैशांत चांगला हेल्मेट आला आणि दोन महिन्यांची मेसही सुटली.

आणि हे करू नका

जागा कमी पडली की आपल्यातला इंजिनिअर जागा होतो. त्याला झोपवा. ॲल्युमिनियमच्या नळीला हातोडीने पोचा पाडून जागा करू नका. बऱ्याच फ्रेम ६०६१-टी६ च्या, हीट ट्रीट केलेल्या असतात. थंड ठोकल्यावर त्या वाकण्याबरोबर तडकूही शकतात. कार्बनच्या फ्रेमबद्दल तर बोलायलाच नको. चाक मुद्दाम एका बाजूला ओढून दुसरीकडे जागा करू नका, टायरची बटणं कापू नका. बटणं कापून फार तर बटणांची रुंदी कमी होईल, कापड आहे तेवढंच राहील.

काही फ्रेममध्ये चाक मागे सरकवता येतं. तसं असेल तर नशीब समजा, कारण नळ्या मागे फाकत जातात आणि पाच-दहा मिलिमीटर मागे गेलं तरी थोडी जागा मिळते. चेन मात्र पुन्हा जुळवावी लागेल. नसेल सरकत, तर फ्रेमचा निर्णय मान्य करा.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी कागदावर पाच आकडे लिहून न्या. रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. रिमची आतली रुंदी. चेनस्टेंमधली जागा वजा बारा. फोर्कमधली जागा वजा बारा. आणि टायरवर छापलेली रुंदी, तुमच्या रिमप्रमाणे मिलिमीटरला ०.४ ने दुरुस्त केलेली (रिम २५ पेक्षा रुंद असेल तर ०.४ घेतलं की चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते). टायर बसवल्यावर दोन आठवड्यांनी एल-की घालून पुन्हा बघा, आणि पावसाळा सुरू झाला की दर राइडनंतर चेनस्टेच्या आतून बोट फिरवा. बोटाला खरखर लागली तर समजा की फ्रेम काहीतरी सांगतेय.

व्हर्नियर वर्कशॉपमध्ये मिळतो, सर नाही म्हणत नाहीत. फक्त परत करताना चिखल पुसून द्या.